खुर्चीत झोपायचं नाही

दुकानातले केस मी रोज सांजच्याला झाडून पोत्यात भरत होतो. गोष्टी काही झाडता आल्या नाहीत. खुर्चीखाली, आरशामागं, तुरटीच्या वाटीत, जिथं जागा मिळाली तिथं त्या बसल्या. दुकान मोडून कैक वर्षं झाली, तरी कोणी नुसतं "दाढी" म्हटलं की एकेक बाहेर येते. मावला गावात रस्त्याला लागून दुकान होतं माझं. एक खुर्ची, एक आरसा, समोर लिंबाचं झाड. मी चौथी नापास. लिहिण्यात चुका असतील. दाढीत कधी नव्हत्या!

परवा नात आली हैदराबादेहून. माझ्या मुक्ताची पोरगी, नोकरी करते तिथं. हनुवटीवर केस येतात म्हणून लेझर करणार म्हणे. लेझरच्या आधी कातडी कशी तयार ठेवायची, त्याचा कागद क्लिनिकवाल्यांनी दिला होता. तो तिनं मला वाचून दाखवला. उन्हात फिरू नका. केस उपटू नका. क्रीम-पावडर लावू नका. आदल्या दिवशी ब्लेडनं साफ करून या.

मी म्हटलं, "यात लेझर कुठं आहे? हे तर मी तीस वर्षं बोंबलून सांगत होतो!"

ती हसली. मग भिंतीवरच्या फोटोकडं बघत बसली. तिच्या आईच्या लग्नातला फोटो आहे तो. म्हणाली, "आजोबा, आजीची हनुवटी तर किती साफ आहे. मग माझ्याकडं हे कुठून आलं?"

मी म्हटलं, सांगतो. पण मी गालावर सरळ वस्तरा ठेवणारा माणूस नाही. आधी पाणी मारतो.

*

उन्हाचंच घ्या. सूर्यभान नावाचा कापूसवाला होता. वैशाखात पऱ्हाट्या उपटून भर दुपारी दुकानात आला. तोंड असं तापलेलं की त्यावर भाकर शेकावी!

"गोविंदा, बस येऊन राह्यली. मार पटकन दोन हात."

"तापल्या गालावर मी वस्तरा ठेवत नाही. लिंबाखाली बसा. तोंडावर ओला टॉवेल घ्या."

"अरे, पण बस!"

"मंग दाढी घेऊन जा बशीत."

बसला कुरकुरत. बाजूला जमिनीची मोजणी करून आलेला गिरदावर आधीच बसवलेला होता, तोही तोंडावर टॉवेल घेऊन. ओल्या टॉवेलात दोघांना डुलकी लागली. बाहेर बाकावर झोपायला माझी ना नव्हती.

तेवढ्यात सूर्यभानची बायको आली. तिला वाटलं, नवरा शिंदीच्या दुकानात गेला असेल. बाकावर दोन आडवे पाहिले आणि तिनं पहिल्याचा टॉवेल ओढला. "मेल्या, भर दुपारी ढोसून पडला काय?"

निघाला गिरदावर! झोपेतून दचकून उठला, गळ्याला हात लावून म्हणतो, "बाई, कसम से, आज नाही घेतली!"

दुसऱ्या टॉवेलाखाली सूर्यभान सगळं ऐकत होता. ती जाईपर्यंत हललासुद्धा नाही. बस गेली, पण गाल इतके थंड झाले होते की वस्तरा नुसता घसरला.

*

क्रीमचं सांगू? किराणावाल्याचा प्रभाकर. लग्न ठरलं आणि गड्याला वाटलं, आपले गाल हिरोसारखे पायजे. नागपूरहून ट्यूब आणली. बायांच्या हातापायाचे केस काढायची! पाच मिनिटं ठेवा असं लिहिलेलं. यानं विचार केला, दाढी राठ आहे, आपण घंटाभर ठेवू.

लग्नाच्या दिवशी सकाळी तोंडावर पंचा गुंडाळून माझ्याकडं. पंचा काढला तर काय, सोललेला टमाटा!

"काका, काही करा. दुपारी लगीन हाय."

"मी काय करू? आता कातडीच काढायची राह्यली!"

वस्तऱ्याला हातच लावला नाही मी. थंड दही लावलं, वर ओली फडकी ठेवली. त्याच्या बापाला सांगितलं, मुंडावळ्या दाट बांधा. मांडवात मी मुद्दाम नवरीकडच्या बायांजवळ जाऊन उभा राहिलो, काय बोलतात ते ऐकायला.

नवरीची मावशी म्हणून राह्यली होती, "पोरगा लय लाजरा दिसते बाई. गाल पाहा कसे लालबुंद झाले!"

*

आता माझा नियम. खुर्चीत झोपायचं नाही! ऊन पाण्याचा टॉवेल तोंडावर ठेवला, बोटांनी साबण चोळला की दहातली चार माणसं झोपतात. झोपेत मान हलते, आणि वस्तरा कोणाची वाट बघत नाही. डोळा लागला की मी सरळ तोंडावर थंड पाणी मारायचो. मग तो कोणी असो.

सरपंच एकदा घोरायला लागले. मारलं पाणी! धडपडून उठले. "गोविंद्या, मी सरपंच हाय!"

"सरपंच चावडीत. इथं मान माझ्या हातात हाय."

पुढच्या वेळी आले ते डोळे असे ताणून बसले की मलाच भीती वाटली.

मल्लय्या त्यांच्यापुढचा निघाला. बेल्लमपल्लीच्या खाणीत कामाला, बायको आमच्या इकडची, म्हणून सुट्टीला यायचा. त्याच्या गालातून आधी कोळसा काढावा लागायचा. तीन वेळा साबण लावा, तिन्ही वेळा पाणी काळं! एकदा डबल ड्युटी करून थेट माझ्या खुर्चीत आला. सात वेळा उठवला. सात वेळा म्हणाला, "सॉरी अन्ना." आठव्यांदा झोपला तेव्हा माझं टाळकं फिरलं. एक गाल झाला होता. टॉवेल ओढला आणि म्हटलं, "ऊठ! निघ!"

अर्धी दाढी घेऊन गेला बिचारा. बशीतली माणसं एका बाजूनं हसली असतील आणि दुसऱ्या बाजूनं घाबरली असतील.

महिन्यानं परत आला. दोन्ही गाल भरलेले. मी म्हटलं, याचं भांडण होणार. तर हा शांत खुर्चीत बसला, डावा गाल पुढं केला आणि म्हणाला, "अन्ना, मागची अर्धी राह्यली हाय."

*

आता शेवंताचं. माझी बायको. नातीनं विचारलं ते हेच.

बोलायला माझ्याहून तिखट होती, पण हनुवटीवर केस यायचे तिच्या. चांगले दहा-बारा, राठ. ऐंशी-ब्याऐंशीची गोष्ट असेल, मुक्ता नुकती शाळेत जायला लागली होती. मी जेवत होतो. ताटात वाढता वाढता म्हणाली, "अवो, साऱ्या गावाचे गाल साफ करता. माझी हनुवटी तेवढी करून द्याल का?"

आमच्या धंद्यात एक गोष्ट पक्की धरलेली. बाईला वस्तरा लागतो तो नवरा मेल्यावर. माझा बाप धोकटी घेऊन असल्या घरी जायचा आणि त्या दिवशी जेवायचा नाही. नवरा जिता असताना बाईच्या तोंडाला वस्तरा लावणं म्हणजे नवऱ्याचंच मरण मागणं. असं आम्ही समजत होतो.

हे तिला नीट सांगता आलं असतं. पण माझं तोंड! मी म्हटलं, "मी मेल्यावर करून घेजो!"

पुन्हा कधी मागितलं नाही तिनं. पदर नाकापर्यंत आला तो तिथंच राहिला. चुलीतली राख चिमटीत घ्यायची, घरामागं भिंतीकडं तोंड करून बसायची आणि एकेक केस उपटायची. फोड यायचे. गिऱ्हाइकाच्या तोंडावर तसले फोड दिसले की मी शिव्या देऊन सांगायचो, "काऊन उपटतोस रे? कातडीची वाट लागते!" घरात माझी जीभ उचलली नाही.

*

तिच्याही जिभेला धार होती, सांगितलं ना. जत्रेत एकदा फोटोवाला आला होता. मागं ताजमहालाचा पडदा. मी, मुक्ता आणि ती, तिघं उभे राहिलो. फोटोवाला म्हणतो, "वहिनी, पदर जरा खाली घ्या."

ही म्हणाली, "तुमीच कॅमेरा जरा वर घ्या ना, भाऊ!"

लोक लय हसले. मीही हसलो. तो फोटो आहे माझ्या पेटीत. दोन माणसं आणि एक पदर. पदराच्या वर डोळे. ते हसत नाहीत. मला हे आता दिसतं. रोज बघतो तरी रोज दिसतं.

*

मुक्ताचं लग्न ठरलं तेव्हा शहाण्णव-सत्त्याण्णव साल असेल. मुधोळचं स्थळ. लग्न आमच्या दारात. पंधरा दिवस आधी शेवंता म्हणाली, "मी मांडवात पुढं येत नाही. मागं चुलीपाशी बसते. पुढचं तुमची बहीण करंल."

मी म्हटलं, "नवरीची माय तू. वेडी झाली काय?"

"मागच्या वेळी त्यांच्या बाया आल्या होत्या ना? माझ्या तोंडाकडं पाहून एकमेकीले कोपरं मारून राह्यल्या होत्या. पोरीच्या लग्नात मले तमाशा नाही पायजे."

मुक्ता आतून ऐकत होती. बाहेर आली. "आई पुढं नसंल त मी बोहल्यावर चढत नाही, बाबा."

मी आपलं जुनंच काढलं. आपल्यात असं चालत नाही, वस्तरा लागतो तो कधी, वगैरे. शेवंतानं मला पुरतं बोलू दिलं. मग म्हणाली, "तुमी जिते असून मी पंधरा वर्षं तोंड झाकून बसली. विधवेचं याच्याहून वेगळं काय असते, सांगा मले?"

तीस वर्षं माणसांच्या माना माझ्या हातात होत्या. त्या दिवशी माझी खाली गेली. म्हटलं, "आठ दिवस राख बंद. उन्हात जायचं नाही. पावडर नाही, काही नाही. लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी दुकानात ये."

तिनं विचारलं, "नंबर लावावा लागंल काय?"

*

आदल्या दिवशी दुपारी दुकानाच्या फळ्या आतून लावून घेतल्या. फटीतून उजेड येत होता, तेवढा पुरे होता. नवा टॉवेल काढला. नवं ब्लेड. पाणी माझ्या मनगटावर तीनदा घालून पाहिलं. शेवंता खुर्चीत बसली, पण दोन्ही हातांनी पदर धरून.

मी म्हटलं, "सोड आता."

"पाणी तीनतीनदा काऊन पाहून राह्यले?"

"लय ऊन त नाही, ते पाहतो."

"गावाच्या दाढीले तुमी तीनदा पाणी पाहता, हे मले आजच कळलं!"

सोडला तिनं पदर. फोडांचे डाग होते हनुवटीवर, जुने, काळे. त्यातले किती माझ्या त्या एका वाक्याचे, ते मी मोजत बसलो नाही. ऊन टॉवेल ठेवला. उचलला, पुन्हा ठेवला. साबणाचा फेस केला आणि ब्रश बाजूला ठेवून बोटांनीच लावला, हळूहळू. ती काहीतरी सांगत होती. मांडवाचे खांब वाकडे रोवले म्हणून, तुमच्या बहिणीनं हळद कमी आणली म्हणून. मी डाव्या बाजूनं सुरू केलं. वस्तरा चालवताना माझा श्वास बंद होता. डावी बाजू झाली. उजवीकडं वळलो तर तिचं बोलणं थांबलेलं.

पाहिलं. डोळे मिटलेले, तोंड जरा उघडं, मान माझ्या हातावर टेकलेली.

थंड पाण्याची वाटी बाजूलाच होती.

तेवढ्यात बाहेर गलका झाला. उद्या लग्न, साऱ्या गावाला दाढ्या करायच्या होत्या. फळ्यांवर थापा पडायला लागल्या. सगळ्यात पुढं सरपंच. "गोविंद्या! अरे, तुझ्याच घरचं लगीन आन तुझंच दुकान बंद? आमी काय जंगली होऊन मांडवात यायचं काय?"

मी वस्तरा मिटला. तिची मान हळूच खुर्चीच्या पाठीला टेकवली. दबक्या पावलांनी फळीच्या फटीपाशी गेलो आणि ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोला, सरपंच. खुर्चीत गिऱ्हाईक झोपलं हाय."