तपासणीसअम्मांची झोप

माझं शिक्षण चौथीपर्यंत. अक्षर वेडंवाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मी अंदाजानेच देते. कुणी हे वाचलंच तर सांभाळून घ्यावं. पण तपासणीसअम्मांबद्दल लिहून ठेवल्याशिवाय राहवत नाही.

पेरुंगुडीच्या एका वृद्धाश्रमात मी स्वयंपाक करते. या अम्मा सरकारकडून तिथे तपासणीला यायच्या. आल्या की आधी कागद मागायच्या नाहीत. चपला काढायच्या, पदर खोचायच्या आणि कुणाच्या तरी खाटेवर सरळ आडव्या व्हायच्या. त्या तंजावरकडच्या, त्यांचं मराठी जुन्या वळणाचं. मला म्हणायच्या, "अस्की खाटा उभ्यानं बऱ्याच दिसतांत. आंग टाकल्यावर कळतें." अस्की म्हणजे सगळ्या. ढेकूण चावला किंवा पंख्याचं वारं लागलं नाही, की उठून लिहायला घ्यायच्या.

मॅनेजरसाहेबांनी यावर तोड काढली. दाराजवळच्या खाटेवर नवी गादी, उशीला इस्त्रीचा अभ्रा. अम्मा तिच्यावर जरा पडल्या आणि म्हणाल्या, "छान आहे. इथे कोण झोपतं?" कुणीच झोपत नव्हतं. साहेब अभ्रा नीट करत राहिले.

अम्मांनी चहा कधी घेतला नाही. मी दाराआडूनच विचारायचे, मला भीड फार. त्या म्हणायच्या, "नको गं. चहा प्याले तर मग तुमच्यांतलं अस्कीं गोड लागेल."

एकदा त्या कोवलमच्या पाट्टीच्या खाटेवर पडल्या. पाट्टी म्हणजे आजी. ही जन्मभर मासळी विकलेली. तिला लेकीकडे परत जायचं होतं, पण साहेब तिची अनामत देत नव्हते. "जावयाच्या दारात रिकाम्या हातानं जाणार नाही," असा तिचा हट्ट.

अम्मा घोरायला लागल्या. साहेब चवड्यांवर चालत आले आणि पाट्टीच्या कानाशी पुटपुटले, "अनामतीचं यांच्याजवळ बोलू नकोस."

पाट्टीला कमी ऐकू येतं. ती नुसतीच बघत राहिली. घोरणं थांबलं. अम्मा डोळे मिटूनच म्हणाल्या, "जरा मोठ्यानं सांगा. तिला ऐकू नाही आलं. मला आलं."

पैसे परत करायचा लेखी हुकूम आला. तरी साहेबांचं "पुढच्या आठवड्यात" चालूच. महिनाअखेर अम्मा निवृत्त होणार, हे त्यांना ठाऊक होतं.

नोकरीच्या शेवटच्या दिवशी अम्मा थेट साहेबांच्या खोलीत गेल्या आणि सोफ्यावर आडव्या झाल्या.

"मॅडम, ही खाट नव्हे."

"उद्यापासून घरीच झोपायचंय. आज सवय करते."

तेवढ्यात एक कुटुंब आईला ठेवण्यासाठी चौकशीला आलं. अम्मा पडल्यापडल्याच म्हणाल्या, "बसा ना. इथे भरलेले पैसे परत कसे मिळतात, तेच बघायला थांबलेय." ते बसले नाहीत. दुपारी दुसरं कुटुंब आलं, तेही गेलं. तिसरी गाडी फाटकाशी थांबली, तेव्हा साहेबांनी कपाट उघडलं.

पाट्टीला बोलावलं. तिनं नोटा मांडीवर घेतल्या. कचेरीची वेळ संपली तशा अम्मा उठून बसल्या आणि मला म्हणाल्या, "अत्तां मी कोणाची अधिकारी नाहीं. चहा आण."

मी आणला. त्यांनी पेला हातात धरून ठेवला, ओठाला लावला नाही. पाट्टी बोटाला थुंकी लावत, बाजारातल्यासारखी प्रत्येक नोट उजेडाला धरून मोजत होती. साहेब भिंतीकडे बघत होते. शेवटी तिनं गड्डी पदरात घट्ट बांधली आणि मान हलवली. पैसे सगळे आले होते.

मग अम्मांनी पहिला घोट घेतला.

"साखर ज्यास्त," म्हणाल्या, आणि पेला रिकामा केला.