उडुपीपर्यंत पुरणारी माळ

सासूबाईंना मागे बसवून उडुपीला न्यायचं स्फूर्तीनं ठरवलं होतं. मोटारसायकल तेवढी ठरत नव्हती. कुंभकोणमच्या शोरूममधला विक्रेता हसला, "अक्का, ही नवी ॲडव्हेंचर गाडी उंच आहे, पाय टेकणार नाहीत."

स्फूर्ती सीटवरून जराशी सरकली, एक पाय टेकवला आणि सासूबाई नागलक्ष्मीबाईंना मागे घेऊन निघाली. मघाशी त्यांनाच घेऊन दुसरी, ठेंगणी गाडी स्वामीमलैपर्यंत नेऊन आणली होती. आता तीच वाट, तेच खड्डे. नव्या गाडीनं ते गिळून टाकले. कच्च्या वळणावरही ती डगमगली नाही.

परतल्यावर तिनं भीतभीत सासूबाईंना विचारलं, "अत्तै, कुठली बरी?"

त्यांनी तुळशीची माळ दाखवली. "त्या ठेंगणीवर नुसते दात वाजले, जप कुठला! हिच्यावर माळ पुरी झाली. आणि पाय टेकायचे कशाला गे? उडुपीआधी थांबायचंय कुठे?"