मेव्हिस टॉझरच्या बापाचा खोडा

मेव्हिस टॉझरने एकतीस वर्षं सायकलवरून टपाल वाटलं. त्या एकतीस वर्षांत गावातल्या सगळ्या कुत्र्यांनी मिळून तिला जेवढा ताप दिला नाही, तेवढा निवृत्तीनंतर गावच्या इतिहासाने दिला.

नेदर ॲशकोम हे डेव्हनमधलं दीडेकशे उंबऱ्यांचं गाव. चर्चची किल्ली मेव्हिसकडे असे, आणि दर शनिवारी दुपारी दोनला फाटकापाशी जमलेल्या पाहुण्यांना गाव दाखवायचं कामही तिच्याच गळ्यात पडलं होतं. ती मनापासून दाखवायची. आठशे वर्षांचं चर्च, त्याहून जुनं बाप्तिस्म्याचं दगडी कुंड, आवारातलं ते पोकळ खोडाचं यूचं झाड. पाहुणे मान डोलवत, जांभया गिळत आणि कुंडापाशी पोचता पोचताच कुणीतरी विचारी, "तो खोडा कुठंय हो?"

खोडा गावच्या हिरवळीवर होता. दोन जाड फळ्या, मध्ये चार भोकं. जुन्या काळी गुन्हेगाराचे पाय त्यात अडकवून त्याला चारचौघांसमोर बसवायचे, तशातला. लोक त्यात पाय घालून फोटो काढत. शेजारी पाटी होती: 'सतराव्या शतकातील खोडा. येथे बेवडे व भांडखोर स्त्रिया यांना शिक्षा होत असे.'

ती पाटी दिसली की मेव्हिसच्या मस्तकात तिडीक जाई. कारण तो खोडा तिच्या बापाने केला होता. एकोणीसशे त्रेपन्न साली, राणीच्या राज्याभिषेकाची जत्रा गावात भरली तेव्हा. सायलस टॉझर गावचा सुतार. जत्रेत काहीतरी गंमत हवी होती, म्हणून त्याने घराच्या पडवीत तीन दिवस खपून खोडा बनवला. जत्रेच्या दिवशी चर्चच्या तरुण धाकट्या पाद्रीबाबांना त्यात बसवलं आणि अख्ख्या गावाने त्यांना ओल्या स्पंजांनी झोडपलं. मेव्हिस तेव्हा आठ वर्षांची होती. तिने मारलेला एक स्पंज थेट पाद्रीबाबांच्या नाकावर बसला होता.

पाटी लावली होती जाइल्स पेम्बरींनी. लंडनला दातांचा दवाखाना चालवून, अकरा वर्षांपूर्वी ते गावात येऊन राहिले आणि दुसऱ्याच वर्षी गावच्या वारसा समितीचे अध्यक्ष झाले. माणूस वाईट नव्हता. फक्त त्यांना समोरच्याचं तोंड उघडं असलं, तरी त्यातून काही ऐकायची सवय राहिली नव्हती.

"जाइल्स, तो खोडा माझ्या बाबांनी केलाय," मेव्हिसने त्यांना पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ते प्रेमाने हसले.

"दुरुस्त केला असेल, मेव्हिस."

"केला. नवा केला. मी फळ्या धरून उभी होते."

"लहानपणच्या आठवणी फार गोड असतात," जाइल्स म्हणाले आणि चहा ओतायला वळले.

मग त्यांनी गावाची पुस्तिका छापली. तिच्यात तर ॲग्नेस नावाची एक कजाग बाई तीन दिवस खोड्यात बसली होती. मेव्हिस पुस्तिका हातात घेऊन तरातरा त्यांच्या दारात गेली.

"ही ॲग्नेस कोण?"

"तशी कुणी नाही. पण अशी एखादी असणारच ना? वाचकाला चेहरा लागतो."

"चेहराच हवा होता तर माझा छापायचात! कजाग बाईच पाहिजे होती ना?"

"हे बघा, मेव्हिस," जाइल्स समजुतीच्या सुरात म्हणाले, "गावात चार माणसं येतात, चहाचं दुकान चालतं, चर्चच्या छपराला हातभार लागतो. तुम्ही दर वेळी मध्ये खोडा का घालता?"

"खोडा मी नाही घालत. खोडा माझ्या बापाने घातलाय, तोच सांगतेय!"

त्यांनी दार हळूच लोटून घेतलं.

या गोष्टीला दुसरा साक्षीदार एकच उरला होता, चर्चच्या घंटा वाजवणारा क्लिफ लस्कम. वय वर्षं एक्याऐंशी. मेव्हिसने त्याला समितीच्या बैठकीला ओढत नेलं.

"सांग रे क्लिफ, खोडा कुणी केला?"

"सायलसने," क्लिफ म्हणाला. मेव्हिसने विजयाने सगळ्यांकडे पाहिलं. पण क्लिफला बोलायला मिळालं की तो थांबत नसे. "लाकूड आमचं होतं. आमचं सफरचंदाच्या दारूचं जुनं कोठार पाडलं, त्यातली तुळई. आजोबा म्हणायचे, कोठार आर्माडाच्या वेळचं, स्पेनचं आरमार इंग्लंडवर चालून आलं तेव्हाचं. लोखंडासारखं ओक! सायलसच्या दोन करवती मोडल्या."

जाइल्सनी तेवढंच उचललं. "लाकूड आर्माडाच्या वेळचं? बघा! तपासूनच घेऊ की."

महिन्याभरात विद्यापीठातून एक बाई आल्या. लाकडातली वर्तुळं मोजून झाड कधी तोडलं ते सांगणाऱ्या. त्यांनी फळीला बारीक भोक पाडून नळीभर लाकूड काढून नेलं. पुढे निकाल आला: झाड पंधराशे नव्वद ते सोळाशे दहाच्या दरम्यान तोडलेलं. जाइल्सनी ते पत्र चर्चच्या सूचनाफलकावर चिकटवलं.

मेव्हिस फलकासमोर उभी राहून एकटीच ओरडली, "अरे, लाकूड जुनं आहे! झाड जुनं आहे! उद्या मी या फळीचा पाट केला तर काय शेक्सपिअर त्यावर जेवायला बसला होता म्हणाल?"

"अगं, हळू," मागून क्लिफ म्हणाला. "आत प्रार्थना चालू आहे."

"तू तर बोलूच नकोस. तुळईचं सांगायला कुणी सांगितलं होतं तुला?"

"खरं तेच सांगितलं."

"हो, पण चुकीच्या माणसाला!"

घरी येऊन तिने किटली चुलीवर आपटली. राग नुसता पाटीचा नव्हता. गावातली निम्मी दारं, चर्चची बाकं, शाळेचा जिना, सगळं सायलसच्या हातचं, आणि कशावरही त्याचं नाव नाही. तो स्वतः कुठे नाव कोरत नसे. म्हणायचा, दार बंद होतंय ना नीट, मग झालं. त्याने गमतीत केलेली एक वस्तू तेवढी गावाने मिरवायला घेतली, आणि तीही त्याच्याकडून काढून घेऊन.

जूनमध्ये नव्या, मोठ्या पाटीचं अनावरण ठरलं. तिच्यावर झाड तोडल्याचं साल होतं आणि ॲग्नेसचं चित्रही होतं. जिल्ह्याच्या वर्तमानपत्राचा फोटोवाला आला होता. हिरवळीवर साठ-सत्तर माणसं, टेबलावर स्कोन आणि जॅम. मेव्हिस हाताची घडी घालून शेवटच्या रांगेत उभी राहिली. यायचं नाही असं तिने ठरवलं होतं. पण न जाता घरात बसणंही तिला जमेना.

"खोड्यात बसलात तर फोटो झकास येईल," फोटोवाला म्हणाला. जाइल्स हसत हसत बसले, सँडल काढून भोकांत पाय ठेवले, आणि कुणीतरी वरची फळी खाली पाडली. फोटो निघाले. टाळ्या वाजल्या. मग फळी उचलायला गेले, तर ती हलेना. आठवडाभर पाऊस पडून लाकूड फुगलं होतं. दोघांनी जोर लावला, मग चौघांनी. जाइल्सच्या कपाळावर घाम आला.

"अहो, घोटा! घोटा सोलवटतोय!"

"करवत आणू का?" क्लिफने विचारलं.

"करवत?" जाइल्स किंचाळले. "चारशे वर्षांच्या ठेव्याला करवत?"

मेव्हिसने पाच मिनिटं वाट पाहिली. तिला लाज वाटली पाहिजे होती, वाटली नाही. मग ती पुढे आली, गुडघे धरत कशीबशी ओलसर गवतावर बसली, आणि खालच्या फळीच्या पोटाशी हात घालून चाचपडू लागली.

"काय शोधताय?" जाइल्स कळवळून म्हणाले.

"खुंटी. ती काढली की बिजागरीच सुटते. बाबांनी पाद्रीबाबांसाठी ठेवली होती. मार फार झाला तर त्यांना आपलं आपण सुटता यावं म्हणून. हलू नका."

सापडली. पासष्ट वर्षांत ती कुणी काढली नव्हती. मेव्हिसने चपलेच्या टाचेने दोनदा ठोकून ती बाहेर काढली, आणि फळी एका बाजूने उघडली. जाइल्सनी पाय ओढून घेतले.

मेव्हिस खुंटी हातात घेऊन उठली.

"आता मला कुणीतरी सांगा," ती म्हणाली, "गुन्हेगाराला अडकवायच्या खोड्यात त्याने स्वतः सुटावं अशी सोय कोण ठेवतं? हा खेळ होता. खेळ! माझ्या बापाने गावाला हसवायला केलेला!"

आधी क्लिफ हसला, मग फोटोवाला, मग सगळी हिरवळ. जाइल्स घोटा चोळत कानापर्यंत लाल झाले. मग म्हणाले, "मेव्हिस, तुम्ही हे आधी का नाही सांगितलंत?"

ती स्कोनच्या टेबलाकडे वळली. बोलली असती तर शिव्याच निघाल्या असत्या.

ऑगस्टमध्ये दुरुस्त पाटी आली. ॲग्नेस गेली होती. 'लाकूड सुमारे सन १६००. खोडा घडवणारे: सायलस टोझिअर, गावचे सुतार, १९५३.'

"टॉझर," मेव्हिस म्हणाली. "टॉझर! चर्चच्या आवारात आमच्या आठ थडग्यांवर लिहिलंय. जाऊन बघायचं होतंत."

"अरेरे," जाइल्स म्हणाले, आणि या वेळी त्यांना खरंच वाईट वाटलेलं दिसलं. "ही पाटी जुनी झाली की पुढच्या वेळी नक्की."

"मी त्र्याहत्तर वर्षांची आहे, जाइल्स."

दुसऱ्या दिवशी क्लिफ पांढऱ्या रंगाचा डबा आणि बारीक कुंचला घेऊन पाटीसमोर बसला. अक्षरं वाकडी आली, पण नाव बरोबर झालं. जाइल्स तिथून जाताना थांबले, वाचलं, आणि डबा धरून उभे राहिले.

बातमी छापून आली होती. आता शनिवारी फाटकापाशी पूर्वीच्या तिप्पट माणसं जमू लागली. एका शनिवारी मेव्हिस किल्ली घेऊन पोचली तर एक बाई लगबगीने पुढे आली.

"ती खुंटी कुठंय हो? आम्हाला फक्त खुंटी बघायचीय."

मेव्हिसने डोळे मिटले, एक लांब श्वास घेतला.

"आधी कुंड," ती म्हणाली आणि चर्चचं दार उघडलं. "चला. सगळे. आणि जांभया बाहेर देऊन या."