फोटो बघून देणारा आनंदराज

नायगावच्या बाजारपेठेत माझं झेरॉक्सचं दुकान आहे आणि माझ्या भिंतीला भिंत लावून आनंदराज हनमंतेचा फोटो स्टुडिओ. मधली भिंत अर्ध्या विटेची. त्यामुळं त्याच्याकडं कोण काय बोललं ते मला इच्छा असो-नसो ऐकू येतं. इच्छा बहुतेक वेळा असते.

आनंदराज फोटोग्राफी शिकला ती लातूरकडं, मुरुडच्या बाजारात. त्याच्या मामाचा तिथं स्टुडिओ होता. परत येऊन त्यानं इथं दुकान टाकलं आणि आसपासच्या गावांतली लग्नं, बारशी, जयंतीच्या मिरवणुका सगळं त्याच्याच कॅमेऱ्यातून गेलं. मग प्रत्येकाच्या खिशात फोन आला. आनंदराजकडं उरले पासपोर्ट साइजचे फोटो, तेही शाळा उघडायच्या दिवसांत. दुसरा कुणी कुढत बसला असता. मी तर नक्कीच बसलो असतो, मला त्याची सवय आहे. पण झालं असं, की ज्या फोननं त्याचं गिऱ्हाईक पळवलं, तोच फोन घेऊन लोक त्याच्या दारात यायला लागले. "भाऊ, बघा की, कसा आलाय?"

आमच्याकडं फोटोला दोनच शेरे मिळतात. ग्रुपवर टाकला तर "लई भारी" आणि घरात दाखवला तर "डिलीट कर." मी दुसऱ्या पंथाचा. वाईट फोटोला वाईट म्हणावं, वेळ वाचतो. आनंदराजची तऱ्हा निराळी. तो आधी फोनची काच स्वतःच्या शर्टाला पुसतो, चष्मा कपाळावरून नाकावर आणतो आणि विचारतो, "यात काय दावायचं होतं तुमाला?" समोरचा सांगतो. मग आनंदराज फोटोत खरोखर जमलेलं काहीतरी शोधून काढतो आणि त्यानंतर एकच दुरुस्ती सांगतो. एकच. दुसरी विचारली तर म्हणतो, "ती पुढच्या बारीला."

सत्यम म्हणून इंजिनिअरिंगचा एक पोरगा विष्णुपुरीच्या धरणावरचा सूर्यास्त घेऊन आला होता. फोटो एका अंगाला कललेला. आनंदराज म्हणाला, "रंग एकदम झकास धरलास बग. निस्तं तेवढं पाणी सरळ कर, न्हाईतर सगळं सांडून जाईल की रं नांदेडात." पोरगा हसत गेला आणि दुसऱ्या दिवशी सरळ पाणी घेऊन आला. असलं काम, आणि तेही फुकट. वर चहा आनंदराजचाच.

मागच्या थंडीत पंचफुला आली. जवळच्याच खेड्यातली शेतकऱ्याघरची सून, माझ्याकडं सातबाऱ्याच्या झेरॉक्सला येणारी, त्यामुळं ओळखीची. तिच्याकडं शंभू नावाचा लाल कंधारी जातीचा गोऱ्हा होता. गाय वीत असताना दगावली तेव्हा पंचफुलानं त्याला बाटलीनं दूध पाजून वाढवलं होतं. आता तो दांडगा झाला होता. तिचे सासरे महादेवप्पा म्हणायचे, नांगराला ट्रॅक्टर आहे, हे खाणारं तोंड ठेवून करायचं काय? व्यापाऱ्याला द्यायचं त्यांनी जवळजवळ ठरवलं होतं. तेवढ्यात लाल कंधारी पाळणाऱ्यांच्या मेळाव्याची खबर आली. जनावरं फार, जागा कमी, म्हणून पहिली निवड फोटोवरून होणार होती. महादेवप्पांनी सुनेला सांगितलं, फोटोत निवडला तर वळू म्हणून ठेवू, नाही तर व्यापारी येऊन घेऊन जाईल.

"भाऊ, हा फोटो धाडू का?" पंचफुलानं विचारलं.

मी मधली भिंत सोडून सरळ आनंदराजच्या दुकानात गेलो. फोटोत पुढं महादेवप्पा, डोक्याला पांढरा पटका, छाती पुढं. त्यांच्या मागं आरशांची झूल, कपाळाला बाशिंग, शिंगांना गोंडे, गळ्यात झेंडूचे हार, वर गुलाल. आनंदराजनं विचारलं, काय दावायचं होतं? ती म्हणाली, "शंभू." त्यानं फोटोतल्या महादेवप्पांवर तळहात धरला आणि मला राहवलं नाही.

"झूल निवडायची असंल तर पयला नंबर तुमचाच," मी म्हणालो.

पंचफुलाचं तोंड एवढंसं झालं. आनंदराजनं माझ्याकडं असं बघितलं की मी गुमान स्टुलावर बसलो. "ताई," तो म्हणाला, "डोळ्याभोवतीचं काळं बगा कसं उमटलंय. कंधारीची वळख तिथंच असती. सकाळचा उजेड तुमी बरोबर धरलाव. आता येकच करा. झूल, हार, गोंडे, समदं काढून फोटो घ्या. मालक बी बाजूला."

"उगड्या अंगाचा?" ती घाबरूनच म्हणाली. "भाऊ, नजर लागंल की वो. कुणाकुणाच्या फोनात जाईल त्यो."

बाहेरच्यांना हे हसण्यासारखं वाटेल. पण आमच्याकडं चांगलं जनावर कुणी उघडं दाखवत नाही. कुणी बैलाचं कौतुक करायला लागलं की मालकच म्हणतो, छे, लई खंगलाय यंदा. सजवून आणलं तरी गळ्यात काळा दोरा असतोच. आनंदराजच्या घरी नजर-बिजर वडिलांपासून मानत नाहीत, पण त्यानं तिचं बोलणं हसण्यावारी नेलं नाही. "बगा, कसं जमतंय ते," एवढंच म्हणाला.

ती गेल्यावर मी त्याला झापलं. "तूच जाऊन काढ की फोटो. गाडीवर जाऊन यायचं काम."

"मी काढलो तर भाऊनं निवडून आणला म्हणतील," आनंदराज म्हणाला. "आन् मला बगून ते जनावर कान टवकारून मागं सरकंल. तिच्यापुढं जसं हुबं ऱ्हातंय तसं माझ्यापुढं ऱ्हाणार न्हाई."

"तुझी शिकवणी होईस्तवर ते व्यापाऱ्याच्या टेम्पोत चढंल," मी म्हणालो. त्यावर दुपारच्या चहापर्यंत आमचं बोलणं बंद होतं.

पंचफुला पुन्हा आली. झूल गेली होती, हार होते. फोटो उभ्यानं काढलेला, त्यामुळं शंभूचे पाय बकरीएवढे. आनंदराज म्हणाला, "वशिंड काय झ्याक आलंय! आता तेवढं खाली बसून काढा, त्याच्या पोटाच्या उंचीला." पुढच्या खेपेला ती खाली बसली होती, हारही नव्हते, गळ्यात दोरा तेवढा होता. पण शंभू उभा हरभऱ्यात, त्यामुळं पायच गायब, आणि मागं संडासाचा पत्रा. "मान कशी ताठ धरलीया बगा. आता जरा मोकळ्या रानात घ्या." मला वाटत होतं ओरडून सांगावं, की बाई, चारही पाय दिसू देत, दोरा काढ, मागचा संडासाचा पत्रा टाळ आणि पाठवून दे एकदाचा! फोटो धाडायची मुदत संपत आली होती. पण मला कोण विचारतो?

मुदतीच्या आदल्या दिवशी पंचफुलाबरोबर महादेवप्पा स्वतः आले, तेही तणतणत.

"कोन म्हन्लं झूल काढा म्हनून?" त्यांनी दारातूनच विचारलं. "घरचं जनावर उगडं करून जगाला दावायचं? अन् ही पोरगी म्हनती, भाऊ म्हन्ले!"

आता जुंपणार म्हणून मी झेरॉक्सचं मशीन बंद केलं आणि पलीकडं गेलो. आनंदराजनं आधी खुर्ची पुढं केली. महादेवप्पा बसले नाहीत.

"तुमचं बी खरं हाय," आनंदराज म्हणाला. "झूल घातली तर शंभू दिसत न्हाई. काढली तर तुमच्या जिवाला घोर. यातून वाट कशी काढायची ते मला ठावं न्हाई, महादेवप्पा. फोटोतलं मला कळतं, तुमच्या गोठ्यातलं तुमाला."

झालं, मी मनात म्हणालो. शंभू गेला. माणसानं इतकंही खरं बोलू नये.

मग सासऱ्याच्या मागून पंचफुला हळूच बोलली. "मामा, फोटोत शंभूचं येकच अंग येतंय. डावं. काजळ उजव्या अंगाला लावते की. फोटोत दिसायचं न्हाई, अन् नजर बी लागायची न्हाई."

महादेवप्पा आता कुठं पुढं केलेल्या खुर्चीत बसले. मग म्हणाले, "मोठं लाव."

दुसऱ्या दिवशी सकाळीच ती आली. फोटोत कडेला काही नव्हतं, मागं काही नव्हतं. मोकळ्या रानात शंभू आडवा उभा, चारही पाय जमिनीवर, अंग तांबडंलाल, मानेखालची पोळी गुडघ्यांकडं लोंबलेली. आणि मान किंचित वळवून तो फोटो काढणाऱ्या बाईकडं बघत होता, आता वैरण आणणार की कसं म्हणून. आनंदराजनं फोनची काच पुन्हा शर्टाला पुसली आणि फोटो परत बघितला. पंचफुला वाट बघून म्हणाली, "सांगा की भाऊ, आता काय सुधारू?"

"काईच न्हाई," आनंदराज म्हणाला. "धाडा."

मी त्या दिवशी माझा पंथ सोडला आणि आनंदराजच्या खांद्यावरून डोकावत "लई भारी" म्हणून ओरडलो. मला खरंच फार आनंद झाला होता.

शंभूची निवड झाली. मेळाव्याच्या दिवशी आम्ही दोघांनी दुकानं बंद ठेवली आणि गेलो. परीक्षक साहेब डाव्या बाजूनं खुशीत बघत आले, वळसा घालून उजवीकडं गेले आणि थांबले. बरगड्यांवर हा एवढा काळा ठिपका. काजळाची डबी संपल्यावर तव्याची काजळीही वापरलेली दिसत होती. साहेबांनी विचारलं, हे काय? जातीचा डाग आहे का?

"डाग न्हाई साहेब," महादेवप्पा म्हणाले, "खबरदारी हाय." साहेब हसले, त्यांनी बोट लावून बघितलं आणि बोट रुमालाला पुसत पुढं गेले.

नंबर आला नाही, हे सांगून टाकतो. नंबर मुखेडकडच्या एका जुन्या वळूला गेला. पण दुपारनंतर शंभूभोवती शेतकरी जमले. त्यांतले एक पटकेवाले पाहुणे महादेवप्पांना म्हणाले, "वळू इकता काय? का आमच्या गाई तुमच्या दारात आनू?"

महादेवप्पांच्या घरात पाहुण्यांशी दुसऱ्या कुणी बोललेलं मी कधी ऐकलं नव्हतं. ते पाहुण्यांकडं बघत म्हणाले, "मला काय इचारता? वाढीवलाय तिनं, फोटो काढला तिनं. तिला इचारा."

पटकेवाले पाहुणे वळले आणि हात जोडून त्यांनी पंचफुलाला विचारलं. मी आनंदराजला कोपरानं ढोसलं, अरे, काढ की फोटो. तो डोळे पुसत होता, त्याला सुचलंच नाही.

पंचफुलानं कासरा हाताला एक वेढा देऊन घट्ट धरला आणि म्हणाली, "इकायचा न्हाई. गाई आना."