टायपिस्टकाकांनी केलेला जामीनअर्ज

भोईवाडा कोर्टाबाहेरच्या फुटपाथवर बसून पंचवीस वर्षं लोकांच्या तक्रारी टाईप करणाऱ्या टायपिस्टकाकांनी स्वतःची म्हणून एकही तक्रार कधी केली नव्हती, हे मला पहिल्यापासून खटकायचं. माझा स्वभावच संशयी. वकिलीने तो बिघडवला असं आई म्हणते, पण वकिलीने त्याला फक्त सनद दिली. एखादा माणूस फारच सज्जन दिसला की पाणी कुठे मुरतंय ते मी आधी शोधते.

काका परळचे मराठी ख्रिस्ती. टाइपरायटर गेला, कॉम्प्युटर आला, तरी विचारल्याशिवाय ते कुणाच्या मसुद्यातला स्वल्पविरामसुद्धा बदलत नसत. कुणी तावातावाने आलं आणि "काका, असं कडक लिहा की साल्याची जिरली पाहिजे" म्हणालं, की त्याला आधी स्टुलावर बसवून पाणी द्यायचे. "घडलं तेवढं लिहितो. जिरवायचं खातं वरच्या प्रभूकडे. आपण तिथं लुडबूड करायची नाही." हे ऐकायला गोड होतं, पण मला काही पटत नसे.

त्यांच्या मुलाची गोष्ट मला ठाऊक होती. सॅमी एका कापडाच्या दुकानात कामाला होता. मालकाने त्याच्यावर चोरीचा खोटा आळ घेतला. पोरगा चाळीस दिवस कोठडीत राहिला, पुढे निर्दोष सुटला आणि मुंबईला रामराम ठोकून नागपूरला गेला. मालकावर उलट केस टाका म्हणून सगळे काकांच्या मागे लागले होते. काकांनी टाकली नाही. एक तर ह्यांचं तोंड बंद केलं असेल, नाही तर हे घाबरले असतील, असा माझा अंदाज होता.

मी स्वतंत्र वकिली सुरू केली तेव्हाची गोष्ट. माझा पहिलाच अशील एक दुकानदार होता, नोकराचा हात मोडल्याच्या आरोपाखाली आत गेलेला. घाईघाईत हाताने मसुदा खरडून, फाईलसकट काकांच्या टेबलावर टाकून मी कोर्टात पळाले. परत आले तर काका जागेवर नव्हते. शेजारचा झेरॉक्सवाला हळूच म्हणाला, "मॅडम, कोणाचा अर्ज दिलात माहितीये का? हा तोच शेठ. सॅमीवाला."

दुसऱ्या दिवसापासून चार दिवस कोर्टाला सुट्टी. अर्जात एक आकडा जरी चुकला तरी तो परत येणार, अशील चार दिवस आत कुजणार आणि माझ्या वकिलीचा श्रीगणेशा तिथेच आटोपणार. हे काकांइतकं कुणाला ठाऊक? मी टेबलावरची प्रत घेऊन ओळ न् ओळ वाचायला लागले. तिसऱ्या ओळीत सापडलं. माझ्या मसुद्यात गुन्ह्याचा नंबर २१८ होता आणि काकांनी टाईप केला होता २८१.

तेवढ्यात काका आले. मी भर फुटपाथवर ओरडले, "स्वल्पविराम विचारून बदलणारे तुम्ही, आणि हे काय केलंत? सूडच घ्यायचा होता तर माझ्या जिवावर कशाला?" चहा पिणारे दोन वकील कप हातात धरून बघत राहिले. काकांनी फाईल उघडली आणि एफआयआरची प्रत माझ्यासमोर धरली. त्यावर २८१ होतं.

आकडा मीच उलटा लिहिला होता.

"तुम्ही कोर्टात होतात, म्हणून विचारता आलं नाही," काका म्हणाले. मग खुर्चीत बसत हलकेच म्हणाले, "खोटं कशाला बोलू, मॅडम. चूक तुमची होती. तशीच टाईप केली असती तर मला कुणी बोल लावला नसता. मोह झालाच मला. म्हणून दुरुस्त करून प्रिंट काढली आणि लगेच उठून मागच्या गल्लीतल्या चर्चमध्ये प्रार्थनेला गेलो. इथं बसून राहिलो असतो तर फाडली असती."

संध्याकाळी जामीन झाला. शेठ काकांच्या टेबलासमोरून गेला आणि त्याने ढुंकूनही पाहिलं नाही. माझंच डोकं फिरलं. "काका, तुम्हाला राग कसा येत नाही?"

"येतो की. रोज सकाळी देवबापाच्या हवाली करतो, दुपारपर्यंत परत माझ्याकडे येतो. मग परत देतो."

मी त्यांची माफी मागितली. पण माणूस नागवा होऊन खरं बोलला तरी माझ्यासारखीच्या मनातली अढी एका दिवसात सुटत नाही. कितीतरी महिने माझे अर्ज मी त्यांच्यादेखत दोनदा तपासत असे, आणि ते मुकाट्याने मला पेन देत.

गेल्या वर्षी काका गेले. शिवडीच्या दफनभूमीत सॅमीला मी पहिल्यांदा पाहिलं. माती टाकून झाल्यावर तो माझ्याजवळ आला. "तुम्ही कोर्टातल्या ना? त्या माणसाचा जामीनअर्ज बाबांनी टाईप केला होता म्हणे. खरंय?"

"हो."

"घाबरून?"

मी त्याला सगळं सांगितलं. माझा उलटा आकडा, त्यांना झालेला मोह, मागच्या गल्लीतली प्रार्थना. मी भर रस्त्यात त्यांच्यावर संशय घेतला होता, तेही सांगितलं. त्याने बोटांना लागलेली माती पुसली.

"तुम्ही एकच दिवस त्यांच्यावर संशय घेतलात," तो म्हणाला. "मी नऊ वर्षं त्यांना भेकड समजून फोन उचलला नाही."