खर्जताईचा आवाज कुणी दाबला

खर्जताईला हे नाव तिच्या काकाने ठेवलं. नवव्या वर्षीच तिचा आवाज इतका जाड आणि घोगरा होता की तिने फोन उचलला तर पलीकडचा माणूस तिला "साहेब आहेत का?" असं न विचारता थेट "साहेब" म्हणायचा. घरात गोड गळा होता तो दादाचा. दादा तिच्याहून सहा वर्षांनी मोठा, आईचा लाडका, आल्यागेल्यासमोर गाऊन दाखवणारा. पुढे त्याने बँड काढला. गिटारला माणूस मिळाला, ड्रमला मिळाला, बेस गिटारला काही केल्या कुणी मिळेना. चार जाड तारा, वर खाली तेच ते घुमणं, आणि लोक बघणार गाणाऱ्याकडे. कोण कशाला घेईल ती गळ्यात? दादा घरी येऊन बहिणीला म्हणाला, "तू धर. गायचं नाहीये तुला, नुसतं मागे उभं राहायचंय."

ती तेव्हा पंधराची होती. तिने जी धरली ती सोडली नाही.

पोटापाण्यासाठी ती लिफ्टची मेकॅनिक झाली. कंपनीत त्याआधी त्या कामावर बाई नव्हती. पहिल्याच दिवशी फोरमनने विचारलं, "बाईमाणूस लिफ्टच्या खड्ड्यात उतरणार कशी?" ती म्हणाली, "शिडीने." फोरमन पुढे वीस वर्षं तिच्याबरोबर राहिला आणि नव्या पोरांना हा किस्सा स्वतःच रंगवून सांगायचा. बंद पडलेल्या लिफ्टपाशी आली की ती आधी कशालाच हात लावायची नाही. दाराला कान लावून उभी राहायची. मग एकेक गोष्ट बाद करत जायची: हे ठीक, हे ठीक, हेही ठीक, म्हणजे खोट इथून पुढे आहे. तिचा नवरा चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायचा. त्यालाही मिलिमीटरच्या हिशोबात जगायची सवय होती, त्यामुळे दोघांचं जमलं.

दर रविवारी दुपारी कामगार क्लबच्या हॉलमध्ये नाच असायचा. साठी उलटलेली जोडपी, काही विधवा, काही नुसतेच बघे. दादाचा बँड तिथे बावीस वर्षं वाजवत होता. खर्जताई डाव्या कोपऱ्यात, ड्रमवाल्याच्या शेजारी, आपल्या अँपच्या, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणाऱ्या खोक्याच्या, पुढे उभी राहायची. कुणी टाळ्या वाजवून तिच्याकडे बघितलंय असं कधी झालं नाही, आणि तिला त्याचं काही वाटायचंही नाही. तिने दिलेल्या ठेक्यावर पाय पडताना दिसले की तिचं पोट भरायचं.

सत्तावन्नाव्या वर्षी मात्र गडबड सुरू झाली. पाय पडेनासे झाले.

आधी दादा म्हणाला, "लोक म्हणतात, ऐकू येत नाहीस तू." तिने अँपचा गेन थोडा वाढवला. गेन म्हणजे गिटारमधून येणारा आवाज अँपच्या आत किती घ्यायचा ते ठरवणारं बटण. पुढच्या रविवारी पुन्हा तेच. तिने आणखी वाढवला. आवाज वाढायच्या ऐवजी बसत चालला. प्रत्येक सूर सारखाच, ना त्याला सुरुवातीचा ठोका, ना शेवटची घुमणी. कणीक तिंबून ठेवल्यासारखा गोळा. महिने गेले तसा दादाचा सूर बदलला. "तुझा हात जड झालाय," तो म्हणू लागला. "वयच आहे. बोटांत पूर्वीची जान राहिली नाही."

खर्जताईने ते मनावर घेतलं. डॉक्टरांना बोटं दाखवली. डॉक्टर म्हणाले, सांधे थोडे झिजलेत, सगळ्यांचेच झिजतात. मग ती रोज संध्याकाळी गरम पाण्यात बोटं शेकत बसायची, रबरी चेंडू दाबत राहायची. आठ महिने. नवऱ्याने एकदाच विचारलं, "बोटं दुखतात का तुझी?" ती म्हणाली, "नाही. पण दादा म्हणतो."

मग एका शनिवारी सकाळी दादा घरी आला. खुर्चीत बसून, कप हातात फिरवत म्हणाला, "अगं, बँडमधली आपली कीबोर्डवाली म्हणते डाव्या हाताने बेसचं काम निभावेल. तू आता जरा समोर बस. चहा पी, गाणी ऐक. पुष्कळ केलंस."

"चहा मी घरी पिते," खर्जताई म्हणाली.

"तसं नाही गं. लोक बोलायला लागलेत."

"कोण लोक?"

दादाने कप खाली ठेवला. "उद्याचा कार्यक्रम वाजव, मग बघू," असं म्हणून तो उठला.

खर्जताईने दार लावलं. मग नवऱ्याला म्हणाली, "मी एवढी वर्षं दुसऱ्यांच्या लिफ्ट तपासल्या. आपला अँप एकदाही नीट तपासला नाही. दादा म्हणाला हात बिघडलाय, आणि मी निमूटपणे हात शेकत बसले." तिला दादाचा नव्हे, स्वतःचाच राग आला होता.

तिने अँप बैठकीच्या मधोमध ओढला. गिटारमधली बॅटरी बदलली, फरक नाही. केबल बदलली, फरक नाही. मग अँपची सगळी बटणं शून्यावर आणली, नवऱ्याला स्वयंपाकघराच्या दारात उभं केलं आणि गेनचं बटण तसूतसूने वर नेत सगळ्यात जाड तार जोरात छेडत राहिली. अर्ध्याच्याही अलीकडे एक छोटा लाल दिवा लुकलुकला. याचा अर्थ, आत जेवढं मावतं तेवढं आलं, आता बास. गेल्या रविवारी हेच बटण शेवटच्या टोकाला होतं. म्हणजे तो दिवा महिनोन्महिने अखंड पेटलेला असणार. स्टेजवर चारी बाजूंनी लाल-पिवळे दिवे. त्यात हा मुगाएवढा दिवा कोण बघतो?

"चूक माझी," ती म्हणाली. "लिफ्टमध्ये माणसं जास्त झाली की ती हलत नाही, आणि आपण बटण आणखी जोरात दाबतो. तेच केलं मी."

पण तेवढ्यावर भागत नव्हतं. अँपमध्ये एक कॉम्प्रेसरही होता. फार मोठे सूर थोडे खाली दाबायचे आणि सगळे एका पातळीत ठेवायचे, एवढंच त्याचं काम. गेन वाढला की त्याला प्रत्येकच सूर मोठा वाटायचा, आणि तो झाडून सगळ्यांना दाबायचा. तिने कॉम्प्रेसर पूर्ण बंद केला, गेन दिव्याच्या किंचित अलीकडे ठेवला, आणि बाहेर जाणारा आवाज वेगळ्या बटणाने वाढवला. एक सूर छेडला. कपाटातल्या बश्या वाजल्या.

नवरा दारातून म्हणाला, "आता तू बोलतेयस असं वाटतं. मघाशी तोंडावर उशी होती."

रविवारी ती हॉलवर तीन तास आधी पोचली. नवऱ्याला बरोबर नेलं होतं. स्टेजवर आवाज कालच्यासारखाच भरदार लागला. तिने नवऱ्याला हॉलच्या मागच्या भिंतीपाशी पाठवलं, जिथे मोठ्या स्पीकरमधून आवाज येतो. ती वाजवत राहिली. त्याने ऐकलं आणि हात आडवा हलवला. तिथे अजून कणकेचा गोळाच होता.

खर्जताईने गिटार खाली ठेवली. इथे ठीक, तिथे नाही. म्हणजे खोट अँपच्या पुढे आहे. अँपमधून मिक्सरकडे, म्हणजे सगळ्यांचे आवाज एकत्र करून मोठ्या स्पीकरला पाठवणाऱ्या यंत्राकडे, जाणारी केबल तिने बदलली. नवऱ्याने पुन्हा हात हलवला. मग ती मिक्सरपाशी गेली. साउंडवाला तिथे वर्तमानपत्र पसरून पाव खात होता. बत्तीस-तेहतीसचा भला माणूस, कुणाला नाही म्हणता न येणारा.

"माझ्या आवाजाचा चॅनल दाखव," ती म्हणाली.

"ताई, तुमचा चॅनल ठीक आहे."

"असू दे. दाखव."

त्याने पाव खाली ठेवला. खर्जताईने नवऱ्याला स्टेजवर जाऊन तार छेडायला सांगितलं. त्याने घाबरत घाबरत एक तार ओढली, आणि मिक्सरवरची दिव्यांची एक रांग वरून खाली सरकन पेटत गेली. त्याने हळू ओढली, तरी तसंच.

"हे काय आहे?"

"कॉम्प्रेसर आहे, ताई. सेफ्टीसाठी."

"कुणाच्या?"

साउंडवाल्याने बोटं पुसली. "दादांनी सांगितलं होतं लावायला. म्हणाले, ताईला जरा दाबून ठेव, पण तिला सांगू नकोस, उगाच वाईट वाटेल."

"किती दिवस झाले?"

"वर्ष होऊन गेलं असेल."

खर्जताईने हिशोब केला. अँप तिने चुकवला होता, पण दादाने दाबल्यावर. खाली दाबलं म्हणून ऐकू येईना, ऐकू येईना म्हणून तिने गेन वाढवला, आणि मग अँपनेही दाबायला घेतलं. दुहेरी मार. "याला इतकं सैल कर," तिने दोन बोटांमधलं अंतर दाखवलं. "पूर्ण काढू नकोस, एखादा सूर उसळला तर आवरायला हवा. पण बाकीच्यांना सोड." त्याने सैल केलं. नवऱ्याने तार ओढली, आणि मागच्या बाकांवर ठेवलेल्या रिकाम्या बाटल्या थरथरल्या.

दादा आतल्या खोलीत मिठाच्या पाण्याने गुळण्या करत होता. ती दारात उभी राहिली. तो गुळणी टाकून वळला, आणि तिच्या चेहऱ्यावरून त्याला काय ते कळलं.

"तुला वाईट वाटू नये म्हणून सांगितलं नाही," तो म्हणाला.

"मी आठ महिने बोटं शेकली, दादा. डॉक्टरकडे जाऊन आले."

दादा आरशासमोर बसला. आरशाकडे बघतच म्हणाला, "माझा गळा वर जात नाही आता. तुझा खालचा सूर भक्कम लागला की माझा हललेला लगेच कळतो. तो जरा मऊ असला की निभावतं."

"मग हे मला सांगायचं होतंस. गळा तुझा बसला आणि खापर माझ्या बोटांवर फोडलंस."

"कसं सांगणार? सगळे मला गाताना ऐकायला येतात."

"गाणी दोन सूर खाली घेऊ. कुणाला कळणारही नाही."

"मला कळेल," दादा म्हणाला. "मी खाली उतरणार नाही."

"नको उतरूस," ती म्हणाली. "पण मीही दबणार नाही. आज पूर्ण आवाजात वाजणार. तुला कीबोर्डवाली हवी असेल तर आत्ता सांग, सगळ्यांसमोर सांग, आणि का ते पण सांग."

दादाने पुन्हा गुळणी तोंडात घेतली. बाहेर ड्रमवाला खिळे ठोकल्यासारखा पेडल तपासत होता.

त्या दुपारी पहिल्याच गाण्याला खुर्च्या सरकल्या. कधी न उठणारी एक म्हातारी बाई काठी खुर्चीला टेकवून उभी राहिली आणि जागच्या जागी डोलू लागली. ड्रमवाल्याने मान वळवून खर्जताईकडे बघितलं आणि दात काढून हसला. तिसऱ्या गाण्यात वरच्या पट्टीला दादाचा आवाज चिरकला. हॉलमध्ये सगळ्यांना ऐकू गेला. भाऊ होता शेवटी. उजवा हात हलका करावा असं एक क्षण तिला वाटलं. तिने केला नाही. सूर जिथे होता तिथेच घट्ट धरून ठेवला, आणि दादा चाचपडत पुन्हा त्यावर येऊन उभा राहिला.

पुढचे चार रविवार दादा तिच्याशी बोलला नाही. दोघांच्या मध्ये ड्रमवाला असायचा. "ताईला सांग, दुसऱ्या कडव्यानंतर थांबायचंय." ड्रमवाला हातभर अंतरावरच्या ताईकडे वळून म्हणायचा, "ताई, दुसऱ्या कडव्यानंतर." ती म्हणायची, "सांग, ऐकलं." एका रविवारी तिने प्रत्येक गाण्याची खालची पट्टी कागदावर लिहून आणली आणि दादाच्या स्टँडवर ठेवली. त्याने न वाचता त्याचे चार तुकडे केले. तिने पिशवीतून दुसरी प्रत काढून ठेवली. तीही फाटली. पिशवीत आणखी तीन होत्या, आणि ते दादालाही दिसत होतं.

पाचव्या रविवारी कीबोर्डवालीने दोन गाणी खाली सुरू केली. दादा बहिणीकडे न बघता गायला. खालच्या पट्टीत त्याचा गळा जुन्या दिवसांसारखा नव्हता, पण मोकळा होता. संपल्यावर तो स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला, "कीबोर्डवालीला ही पट्टी सोयीची पडते." खर्जताईने तार जुळवायचं निमित्त करून मान खाली घातली. हसू आवरणं अवघड होतं.

सगळी गाणी काही उतरली नाहीत. तीन गाण्यांवर दादा अजून हटून बसलाय, आणि त्या तिन्हींत दर रविवारी त्याचा आवाज चिरकतो. खर्जताई त्यातही तेवढ्याच जोराने वाजवते. त्यावरून दोघांचं दर रविवारी वाजतं, पण आता समोरासमोर.

मिक्सरवर आपल्या चॅनलखाली तिने पांढऱ्या चिकटपट्टीवर लिहून ठेवलंय: "हात लावायच्या आधी विचारा." क्लबचा व्यवस्थापक सोमवारी ती काढून टाकतो, कारण क्लबच्या सामानावर काही चिकटवायची परवानगी नाही. खर्जताई रविवारी नवी लावते. एकदा त्याने तिला ऑफिसात बोलावून नियमाचा कागदच दाखवला. तिने तो चष्मा लावून सावकाश वाचला, घडी घालून परत दिला, आणि विचारलं, "पेन आहे का तुमच्याकडे? माझं संपलंय."