इस्त्रीपाशी कुडकुडणारा माणूस

आमच्या लाँड्रीत इस्त्रीच्या टेबलाशी एकवीस वर्षं उभ्या असलेल्या माणसाला सगळे कडकराव म्हणतात. त्यांनी इस्त्री केलेली कॉलर घातली की मान वळत नाही, अख्खा माणूस वळवावा लागतो. बोलणंही तसंच, मोजकं आणि ताठ. लाँड्री माझ्या वडिलांची, आता माझी. तोंडाची तिखट मी आहे, हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे माझं तोंडच नडलं.

कडकरावांची इस्त्री जुनी आणि वजनदार. तिची उष्णता कमी-जास्त करायची चकती केव्हाच निकामी झाली होती, पण त्यांनी ती दुरुस्त करू दिली नाही. इस्त्री उचलून गालापासून वीतभर लांब धरायची, क्षणभर डोळे मिटायचे, आणि गार वाटली तर बटण चालू, तापलेली वाटली तर बंद. एवढ्यावर सुती, रेशमी, लोकरी सगळं निभावलं. म्हणून मागच्या वर्षी दोन महिन्यांत तीन कपडे जळाले तेव्हा मी चक्रावलेच. तिसरा एका मास्तरांचा कोट होता, निवृत्तीच्या समारंभात घालायचा. पाठीवर हा एवढा पिवळा डाग.

मी सगळ्यांदेखत फाडफाड बोलले. "आणखी एक जळला तर टेबल सोडायचं आणि पावत्या फाडायला बसायचं!"

त्यांनी वाद घातला नाही. "टेबल काढू नका, ताई," एवढंच म्हणाले. "इथं निदान कोणीतरी काम सांगतं."

बायको जाऊन तीन वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. मला हे सगळं ठाऊक होतं, तरी मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. आजही त्याची लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम लक्ष ठेवलं. खोलीत सगळे घामानं निथळत होते आणि हा माणूस शर्टाखाली दोन बनियन घालून, दात वाजू नयेत म्हणून जबडा आवळून उभा. हातावर काटा आलेला. त्यांनी इस्त्री गालाशी नेली, मान हलवली आणि पुन्हा बटण चालू केलं. मी बोट ओलं करून इस्त्रीला टेकवलं तर चर्र झालं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांचा गाल चुकत होता.

"तुम्हाला थंडी वाजतेय?"

"ताप नाही," ते ओशाळून म्हणाले. "रोज थर्मामीटर लावतो. सत्त्याण्णवच्या वर जात नाही. म्हणजे आजारी नाही मी. मग उगाच कोणाला काय सांगायचं?"

"कधीपासून?"

"झाले सात-आठ महिने."

खिशात तापाच्या गोळ्यांचं पाकीट होतं. त्यांच्या मते ताप हाडांत मुरला होता, म्हणून थर्मामीटरला सापडत नव्हता. सात-आठ महिने हा माणूस रोज संध्याकाळी जिभेखाली थर्मामीटर धरून एकटा बसत होता, ताप निघाला नाही की ब्लँकेट ओढून पडून राहत होता.

दवाखान्यात मीच घेऊन गेले. डॉक्टरीणबाई वयानं लहान, पण धारेवर धरण्यात माझी बहीण शोभावी. "ताप नाही तर तापाच्या गोळ्या कशाला घेता? जेवता काय?"

"चहा."

"आणि?"

"असंच काहीतरी, रात्री."

तिनं नाडी पाहिली, पापणी खाली ओढून पाहिली, रक्त काढून घेतलं. चार दिवसांनी कळलं, गळ्यातली थायरॉइड ग्रंथी मंदावलीय आणि रक्तात लोह कमी आहे. "तापाशिवायही हुडहुडी भरते, काका," ती म्हणाली. "कधी रक्त कमी म्हणून, कधी पोटात काही नाही म्हणून, कधी थायरॉइडमुळे. टिकून राहिली तर तपासून घ्यायचं, घरी अंदाज बांधायचे नाहीत. आणि ताप चढला, धाप लागली किंवा बोलण्यात गोंधळ व्हायला लागला तर त्याच दिवशी इथं यायचं." सकाळी उपाशीपोटी थायरॉइडची गोळी, लोहाची तिच्यानंतर चार तासांनी, आणि लोहाच्या गोळीबरोबर चहा बंद. चहाचं ऐकून कडकरावांचा चेहरा पाहण्यासारखा झाला.

गुण यायला दोन महिने तरी लागणार होते. टेबल मी काढलं नाही. जुन्या चादरीची चिंधी आणून ठेवली. आधी इस्त्री चिंधीवर टेकवायची, ती पिवळी पडली तर थांबायचं. त्यांनी नाक मुरडलं, पण केलं. दुपारी एकला मी माझा डबा घेऊन त्यांच्यासमोर बसायचे, ते शेवटचा घास खाईपर्यंत हलायचे नाही. पुन्हा एकही कपडा जळला नाही.

दहाव्या आठवड्यात ते एका बनियनवर आले. कपाळावर चक्क घाम. चेहरा मात्र उतरलेला.

"आता काय झालं? थंडी गेली ना?"

"गेली, ताई." बराच वेळ ते एकच बाही सरळ करत राहिले. "संध्याकाळी घराचं कुलूप उघडताना हातपाय गळायचे. मला वाटायचं, हाही त्या आजाराचाच भाग आहे, औषधानं जाईल. थंडी गेली. पण काल तसाच दाराबाहेर उभा राहिलो अर्धा तास. बायको नाही ना आत."

त्या संध्याकाळी बंद करायची वेळ टळून गेली तरी मी दिवे मालवले नाहीत, आणि त्यांनीही मालवा म्हटलं नाही.